वाचकांचे प्रश्न : सायकल शर्यतीत पायाला गोळे का येतात?

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच तक्रारीची आहेत, म्हणून या वेळची जागा त्यांनाच दिली आहे. कोणी तिला पेटके म्हणतो, कोणी वांब, तर कोणी नसेवर नस चढणे. यातले शेवटचे नाव आपल्याकडे सर्वांत रुळलेले असले तरी सर्वांत दिशाभूल करणारेही तेच आहे, कारण पायात कोणतीही नस दुसऱ्या नसेवर चढत नाही. स्नायू आपल्या इच्छेविना आकसतो आणि सैल होण्याचे नाकारतो, एवढेच त्या क्षणी घडत असते. ते का घडते, हे पहिल्या पत्राच्या उत्तरात जरा विस्ताराने लिहिले आहे. पुढच्या वाचकांनीही तो भाग आधी वाचावा.

प्रश्न : माझे वय 23 असून मी दर्यापूर तालुक्यात शेती करतो. गेल्या जानेवारीत आमच्या भागात झालेल्या 40 किलोमीटरच्या शर्यतीत मी साध्या, बिनगियरच्या सायकलवर उतरलो होतो. पहिले 30 किलोमीटर मी पुढच्या पाच जणांत होतो. त्यानंतर आधी उजव्या पोटरीत आणि मग दोन्ही मांड्यांत असे गोळे आले की सायकलवरून उतरणेही कठीण झाले. अंगातले मीठ कमी झाल्याचे सर्वांनी सांगितले. म्हणून पुढच्या शर्यतीत सुरुवातीपूर्वीच दीड लिटर मीठपाणी प्यायलो, तरी जवळपास त्याच टप्प्यावर गोळे आलेच. आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे आणि आम्ही लहानपणापासून खारे पाणीच पीत आलो आहोत. मग आमच्याच अंगात मीठ कमी कसे पडते?

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून आधी हसू आले, परंतु अर्धे उत्तर तुम्ही स्वतःच दिले आहे, हे दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले. शर्यत जानेवारीतली, म्हणजे सकाळची हवा थंड. मीठपाणी पिऊन आणि न पिता, दोन्ही वेळा गोळे त्याच टप्प्यावर आले. शिवाय ते पोटरीत आणि मांडीत आले. हाताला, पोटाला किंवा पाठीला आले नाहीत. रक्तातले मीठच घटले असते तर ते सगळ्या शरीराचे घटले असते आणि केवळ पायडल मारणाऱ्या स्नायूंनीच संप पुकारण्याचे काही कारण उरले नसते.

मिठाचा समज निराधार मात्र नाही. 1930च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरणाच्या बांधकामावर भर उन्हात राबणाऱ्या मजुरांना असे पेटके येत असत. त्यांची तपासणी करणाऱ्या संशोधकांना घामावाटे जाणारे मीठ हे त्याचे कारण आढळले आणि मीठ देऊन उपायही झाला. दिवसभर घाम गाळणाऱ्या, वर नुसतेच पाणी पिणाऱ्या माणसाबाबत ते निदान आजही खरे आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे वीटभट्टीवर काम करणाऱ्या मजुराला ते जसेच्या तसे लागू पडते. चूक झाली ती दीड तासाच्या शर्यतीतील गोळ्यालाही तेच निदान सरसकट लावण्यात. दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैद्यक तज्ज्ञ मार्टिन श्वेलनस यांनी 1997 मध्ये वेगळी मांडणी केली आणि पुढे 2011 मध्ये त्यांच्या गटाने पोहणे, सायकल आणि धावणे अशा लांब पल्ल्याच्या तिहेरी स्पर्धेतील 210 खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना गोळे आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांच्यातला फरक शरीरातील पाण्यात किंवा रक्तातील सोडियममध्ये सापडला नाही. ज्यांना पूर्वीही गोळे येत असत आणि ज्यांनी स्पर्धेत अधिक वेग धरला होता, त्यांना ते आले.

यामागची यंत्रणा थोडक्यात अशी आहे. स्नायूला आकसण्याचा हुकूम मज्जारज्जूतून येतो. स्नायूच्या आत काही बारीक संवेदक असतात. स्नायू ताणला गेला की ते ‘आकस’ असा संदेश पाठवतात. स्नायू जेथे हाडाला जोडलेला असतो त्या कंडरेत दुसरे संवेदक असतात. कंडरेवर ताण वाढला की ते ‘आता सोड’ असा संदेश देतात. बैलगाडीला जसा एक कासरा आणि एक पराणी, तशी ही व्यवस्था आहे. स्नायू त्याच्या सवयीपलीकडे थकला की पराणीचा जोर वाढतो आणि कासरा ढिला पडतो. त्यातही स्नायू आखडलेल्या स्थितीत काम करीत असेल, तर कंडरेवर ताणच येत नाही आणि ‘सोड’ हा संदेश जवळजवळ बंद होतो. गोळा आल्यावर पायाचा चवडा वर ओढला की आराम का पडतो, याचेही उत्तर यातच आहे, कारण त्या ओढीने कंडरेवर ताण येतो आणि तिचा थांबलेला संदेश पुन्हा सुरू होतो.

म्हणून तुमच्या बाबतीत मी पहिला प्रश्न विचारेन तो मिठाचा नव्हे, तर सायकलच्या दात्यांचा. पुढच्या चेनव्हीलचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते मोजा. समजा पुढे 44 आणि मागे 18 दाते आहेत आणि चाकाचा घेर सुमारे 2.2 मीटर आहे, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 5.4 मीटर पुढे जाते. ताशी 26 किलोमीटर वेगाला मिनिटाला 80 फेरे पडतात आणि हा आकडा पायांना मानवणारा आहे. परंतु दर्यापूरच्या उघड्या, सपाट शिवारात समोरून वारा लागला आणि वेग ताशी 18 किलोमीटरवर आला की फेरे 55च्या आसपास येतात. गियर नसल्याने तुम्हाला हलके होता येत नाही आणि प्रत्येक फेऱ्यात मांडीला जास्तीचा जोर लावावा लागतो. असे दोन-तीनशे फेरे झाले की गोळ्याची पायाभरणी झालीच म्हणायची. मागे 20 दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर दहाव्या हिश्शाने कमी होतो. त्याच्या बदल्यात पाठीमागून वारा असताना पाय जरा अधिक भरभर फिरवावे लागतात, पण तो सौदा मला फायद्याचा वाटतो.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या वेगाची. गावच्या शर्यतीत झेंडा पडला की पहिले दोन किलोमीटर सगळेच जीव तोडून पळतात, कारण रस्त्याच्या कडेला सगळे गाव उभे असते. सरावात तुम्ही कधी 30 किलोमीटर इतक्या वेगाने गेला होतात काय? बहुधा नाही. शेतीच्या कामाने पाय दणकट होतात हे खरे, परंतु खुरपणी, फवारणी किंवा पाठीवर पोते वाहणे यांतला दणकटपणा आणि दीड तास एकाच लयीत फिरणाऱ्या पायाचा दणकटपणा वेगळा असतो. शर्यतीपूर्वी किमान आठ आठवडे हाताशी ठेवा. आठवड्यातून एक दिवस लांबचा, हलक्या गतीचा फेरा ठेवा आणि त्याचे अंतर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत 50 किलोमीटरपर्यंत न्या. दुसऱ्या एका दिवशी शर्यतीच्याच वेगाने पाच-पाच मिनिटांचे चार ते सहा टप्पे मारा आणि मधे तेवढीच विश्रांती घ्या. हा दुसरा दिवस कोणाला आवडत नाही, म्हणूनच तो सांगावा लागतो. आठवड्यातून दोनदा ओट्याच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश खाली सोडणे व वर उचलणे, आणि जोडीला आपल्या आखाड्यातल्या बैठका, प्रत्येकी पंधराचे तीन फेरे करावेत. शर्यतीत शक्य तेवढा वेळ दुसऱ्याच्या मागे राहा. पुढच्याने वारा अंगावर घेतला की मागच्याची मेहनत सुमारे एक चतुर्थांशाने वाचते, आणि वाचलेली ती मेहनतच शेवटच्या दहा किलोमीटरला कामी येते.

राहिला खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातील विहिरींच्या पाण्यात सोडियमबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षारही असतात आणि त्यांचे प्रमाण गावागणिक, विहिरीगणिक बदलते. ते पाणी म्हणजे मोजून केलेले मीठपाणी नव्हे. त्या पट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत, म्हणून ताकद येईल या समजुतीने खारे पाणी मुद्दाम अधिक पिऊ नका. सरावासाठी शक्यतो नळयोजनेचे गोडे पाणीच बाटलीत भरा. आणि सुरुवातीपूर्वी एकदम दीड लिटर मीठपाणी पिण्याचा प्रयोग पुन्हा करू नका. त्याने पोट जड होते आणि मळमळते.

प्रश्न : आम्ही आरमोरी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझी मुलगी नववीत आहे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर ती शाळेत जाते आणि आता शालेय शर्यतीसाठी 10 किलोमीटरचा सराव करते. सीट उंच असली की वेग वाढतो असे कोणीतरी सांगितल्याने सायकलवाल्याकडून सीट बरीच वर करून घेतली. तेव्हापासून तिच्या पोटऱ्यांत सरावात आणि रात्री झोपेतही गोळे येतात. काही औषध सांगावे.

उत्तर : औषध नको, पाना हवा. सीट बेताबाहेर उंच असली की पायडल खाली जाताना ते गाठण्यासाठी पायाचा चवडा टोकदार करावा लागतो आणि पोटरी प्रत्येक फेऱ्यात आखडलेल्या स्थितीतच जोर लावते. आखडलेला स्नायू थकला की गोळा येतो, हे वर सांगितलेच आहे.

सीट बसवण्याची एक सोपी रीत आहे. सायकल भिंतीला टेकवून मुलीला सीटवर बसवा आणि पायडल अगदी खाली आणा. तिची टाच पायडलवर टेकली असताना गुडघा नेमका सरळ व्हावा. कंबर एका बाजूला झुकता कामा नये. त्यानंतर चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो, आणि तेवढाच हवा असतो. सीट याहून फार खाली असेल तर गोळे पोटरीऐवजी मांडीच्या पुढच्या भागात येऊ लागतात व गुडघाही दुखतो, म्हणून भीतीपोटी ती एकदम तळाला नेऊ नका. सीट एका वेळी अर्धा सेंटिमीटरच खाली घ्यावी आणि दोन दिवस चालवून पाहावे.

ती चपला घालून सराव करीत असेल तर तेही थांबवा. चप्पल सुटू नये म्हणून पायाची बोटे सतत आवळून धरावी लागतात आणि तो ताण थेट तळव्याला व पोटरीला जातो. शाळेचे साधे कापडी बूट पुरेसे आहेत. रात्री निजण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे ठेवून, टाच जमिनीला चिकटवून पोटरी अर्धा मिनिट ताणावी, प्रत्येक पायाला तीन वेळा. आणि सकाळच्या सरावाला ती उपाशीपोटी जाते काय, हे पत्रात लिहिलेले नाही. जात असेल तर निघण्यापूर्वी गूळ-शेंगदाणे किंवा रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात थोडा तरी खाऊन जाऊ द्या.

प्रश्न : मी वरोरा तालुक्यात क्रीडाशिक्षक आहे. 1 मे रोजी होणाऱ्या 60 किलोमीटरच्या शर्यतीसाठी मुले तयार करीत आहे. त्या दिवसांत आमच्याकडे तापमान 44 अंशांच्या पुढे असते. मुलांनी काय आणि किती प्यावे? केळी खाल्ल्याने गोळे थांबतात काय? परदेशी खेळाडू लोणच्याचे पाणी पितात असे ऐकले. ते आपल्या लोणच्याने साधेल काय?

उत्तर : सर, तुमच्या जिल्ह्यातील मे महिना हा पहिल्या पत्रातील जानेवारी नव्हे. येथे पाणी आणि मीठ यांना खरेच महत्त्व आहे. गोळ्यांसाठी असेल तेवढेच, आणि उष्माघात टाळण्यासाठी त्याहून कितीतरी अधिक.

किती प्यावे, याचा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. गावातील धान्य व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्रत्येक मुलाचे वजन एक तासाच्या सरावापूर्वी आणि नंतर, अंग पुसून, करा. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. मधे प्यायलेले पाणी त्यात मिळवा. कोणाचा अर्धा लिटर जाईल, कोणाचा दीड. त्याच्या बहुतांश भागाची भरपाई करावी, पण घामापेक्षा अधिक पाणी कोणालाही पाजू नये. ज्याच्या काळ्या बनियनवर वाळल्यावर पांढरे पट्टे उमटतात, त्याच्या घामात मीठ अधिक जाते, हेही टिपून ठेवा.

घामाच्या एका लिटरमध्ये सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम असते, म्हणजे जवळपास अडीच ग्रॅम मीठ. 750 मिलिलिटरच्या बाटलीत चहाच्या चमच्याने सपाट पाव चमचा मीठ, दहा सपाट चमचे साखर आणि एक लिंबू, एवढे पुरे आहे. साखरेऐवजी तेवढाच गूळ गाळून घातला तरी चालेल. ही बाटली दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट याप्रमाणे साधारण तासाभरात संपवावी. साखरेला नाक मुरडू नये. तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात गेली नाही, तर दीड-दोन तासांनी स्नायूतील साठा आटतो आणि थकलेल्या स्नायूलाच गोळा येतो. सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी अतिसारासाठी बनवलेली असते. तिच्यात एका लिटरला ग्लुकोज केवळ 13.5 ग्रॅम असते. त्यामुळे शर्यतीनंतरच्या भरपाईला ती उत्तम, पण शर्यतीतल्या इंधनाला अपुरी. ताक आणि आंबील शर्यत संपल्यावर द्या. हेलकावणाऱ्या पोटात ताक टिकत नाही, हा अनुभव मी स्वतः चिखलदऱ्याच्या घाटात, सोबत्यांच्या साक्षीने घेतलेला आहे.

केळे चांगले अन्न आहे, त्यात 25 ग्रॅमच्या आसपास पिष्ट-साखर असते, म्हणून ते जरूर द्या. परंतु ते पोटॅशियमसाठी नको. घामात पोटॅशियम फारच थोडे जाते, सोडियम कितीतरी पट अधिक, आणि केळ्यात सोडियम जवळजवळ नसतेच. शिवाय खाल्लेले केळे रक्तात पोचेपर्यंत आलेला गोळा निघूनही गेलेला असतो.

लोणच्याच्या पाण्याची गोष्ट मात्र रंजक आहे. अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पायाच्या स्नायूत विजेच्या साहाय्याने मुद्दाम गोळा आणला गेला. काकडीच्या लोणच्याचे आंबट-खारे पाणी, शरीराच्या प्रत्येक किलोमागे एक मिलिलिटर, प्यायल्यावर तो साध्या पाण्याच्या तुलनेत लवकर सुटला, आणि तेही दीड मिनिटाच्या आत. इतक्या वेळात मीठ रक्तात पोचत नाही. त्यामुळे घशाला बसलेल्या तीव्र चवीच्या झटक्याने मज्जारज्जूतून स्नायूला जाणारे हुकूम मंदावतात, असा तर्क संशोधकांनी मांडला. हा आलेल्या गोळ्यावरचा उपाय आहे, गोळे टाळण्याचा नव्हे. आपले आंब्याचे लोणचे तेलातले आणि मसाल्याचे असल्याने त्याचा खार पिण्याजोगा नसतो आणि त्यावर असा प्रयोगही झालेला नाही. मिठात मुरलेल्या लिंबाची एक फोड कोणी खिशात ठेवली तर मी हरकत घेणार नाही, पण तिच्या भरवशावर सराव टाळू देणार नाही.

उन्हाची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून एप्रिलच्या मध्यापासून सरावाची वेळ हळूहळू उन्हाकडे सरकवा, तीही सकाळी दहाच्या आतच. आणि संयोजकांना भेटून शर्यत पहाटे साडेपाचला सुरू करण्याचा आग्रह धरा. एखादा मुलगा असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा त्याला उलट्या होऊ लागल्या, तर तो गोळ्याचा प्रश्न राहिलेला नसतो. त्याला तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतत राहावे आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातील 58 वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. साडेतेरा तासांत 200 किलोमीटर पूर्ण करण्याच्या सायकलफेरीत भाग घेण्याचा विचार आहे. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. लांब सायकल चालवली की रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. औषध दुकानदाराने मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या. एका मित्राने क्विनीन घेण्यास सांगितले. काय करावे?

उत्तर : क्विनीन घेऊ नये. हिवतापावरचे हे औषध पूर्वी पायाच्या गोळ्यांसाठी सर्रास दिले जात असे. परंतु रक्तातील प्लेटलेट घटणे आणि हृदयाचे ठोके बिघडणे अशा गंभीर परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2006 मध्येच या वापराविरुद्ध इशारा दिला. मॅग्नेशियमने आपल्या वयोगटातील व्यक्तींचे गोळे विशेष कमी होत नाहीत, असे उपलब्ध चाचण्यांच्या आढाव्यांतून दिसून आले आहे. मूत्रपिंड अशक्त असेल तर ते साठून अपायही होतो, आणि एरवी जुलाब हाच त्याचा हमखास परिणाम असतो.

आपल्या दोन्ही गोळ्यांकडे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात व तिच्यावाटे सोडियम आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधांनी काहींचे स्नायू दुखतात. याचा अर्थ गोळ्या स्वतःहून बंद कराव्यात असा मुळीच नाही. वरच्या उत्तरातील मीठ-साखरेचे पाणीही रक्तदाब असताना डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

200 किलोमीटर साडेतेरा तासांत म्हणजे ताशी सरासरी 15 किलोमीटरहूनही थोडे कमी. आपल्याला वेगाची घाई नाही आणि हेच आपल्या पायांचे मोठे संरक्षण आहे. धोका आहे तो उलट बाजूचा. सावकाश जाणारा सायकलस्वार प्रत्येक थांब्यावर काळजीपोटी पाणी पीत राहतो, घाम मात्र तेवढा जात नाही, आणि रक्तातील सोडियम पातळ होऊन डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसू लागतात. तहानेप्रमाणे प्या, थांब्यावर पोहे किंवा भाकरीसारखे खारट, घन अन्न खा. वाटेत गोळा आला तर लगेच उतरा, तो स्नायू अर्धा मिनिट ताणून धरा, दोन मिनिटे चाला आणि पुढचे काही किलोमीटर हलक्या गियरवर काढा. फेरीनंतर लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा दिसला, किंवा मांड्या सुजून दुखणे वाढतच गेले, तर रात्र काढू नका. स्नायूंची झीज मूत्रपिंडावर येण्याची ती खूण असते.

फेरीचे नाव नोंदवण्यापूर्वी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, मॅग्नेशियमची धरून, आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन यांची तपासणी करून घ्या. अहवाल आल्यावर पुन्हा लिहिले तर सरावाचे वेळापत्रक आखून देता येईल.